अंध नवशिक्यासाठी प्रोग्रामिंगची साधनं: भाषा ठरवण्याआधी स्क्रीन रीडर नीट लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पूर्ण दृष्टिहीन व्यक्तीला प्रोग्रामिंग शिकायचं आहे. विंडोज आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) रोजच्या कामापुरते येतात. तर भाषा कोणती घ्यावी, एडिटर (कोड लिहायचा प्रोग्राम) कोणता, नोटपॅडवर भागेल का, आणि ब्रेल डिस्प्ले (मजकूर बोटाखाली ब्रेलच्या टिंबांत उमटवणारं यंत्र) लागतोच का?

बहुतेक जण भाषेपासून सुरुवात करतात. या चार प्रश्नांत भाषेचा प्रश्न सगळ्यांत सोपा आहे, आणि चुकला तरी फारसं बिघडत नाही. नवशिका अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. प्रोग्राम चालत नाही, चूक कुठल्या ओळीवर आहे ते ऐकू येत नाही, आणि शेवटी कुणाला तरी हाक मारून ‘जरा बघ ना काय दिसतंय’ म्हणावं लागतं. म्हणून साधन निवडताना कसोटी एकच लावावी: चूक झाल्याचं कळणं, तिचा संदेश अक्षरन् अक्षर वाचणं, त्या ओळीवर पोचणं, दुरुस्ती करणं आणि पुन्हा चालवणं, हा फेरा डोळस माणसाच्या मदतीशिवाय पूर्ण होतो का? होत असेल तर ते साधन घ्या. नसेल तर ते कितीही नावाजलेलं असो, बाजूला ठेवा.

(खालच्या आज्ञा आणि कळा देवनागरीत, स्क्रीन रीडर उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

स्क्रीन रीडर आणि त्याची सेटिंग्ज

विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पुरेसा आहे. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, २००६ मध्ये मायकेल करन यांनी सुरू केला आणि त्याचा मोठा भाग पायथनमध्ये लिहिलेला आहे. पुढे हात बसला की रोज वापरतो त्याच साधनाचा कोड वाचता येतो, त्याला स्वतःचं अ‍ॅड-ऑनही जोडता येतं. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर आधीपासून असेल आणि त्याच्या कळा बोटांत मुरल्या असतील तर केवळ प्रोग्रामिंगसाठी बदलू नका. मात्र परवाना नसलेला जॉज ४० मिनिटांनी थांबतो आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. त्या भरवशावर अभ्यास होत नाही. मॅकवर व्हॉइसओव्हर आणि लिनक्सवर ऑर्का आहेत, दोन्हींवर कोड लिहिता येतो. पण ज्या प्रणालीवर आज सफाईनं वावरता तिच्यावरच शिका. नवी प्रणाली, नवा स्क्रीन रीडर आणि नवी भाषा एकदम घेतली की अडचण नेमकी कशामुळे आली हे कळायला मार्ग राहत नाही.

आता सेटिंग्ज. मजकूर वाचायला लावलेला स्क्रीन रीडर कोड वाचायला निरुपयोगी असतो, कारण तो विरामचिन्हं गिळतो. एनव्हीडीएच्या मूळ पातळीवर कंस, कोलन, अवतरण चिन्हं उच्चारलीच जात नाहीत. म्हणजे ‘इफ’च्या ओळीच्या शेवटी कोलन आहे की नाही हे ऐकून समजणार नाही, आणि नवशिक्याची नेमकी चूक तिथेच असते. एनव्हीडीए+पी (एनव्हीडीए कळ म्हणजे मुळात इन्सर्ट) दाबत गेलात की पातळी ‘नन’, ‘सम’, ‘मोस्ट’, ‘ऑल’ अशी बदलते. कोडसाठी ‘ऑल’ ठेवा. पहिले काही दिवस ती बडबड असह्य वाटेल, तरी कमी करू नका. कान सरावले की ‘मोस्ट’वर येता येतं, पण त्यात स्वल्पविराम जातो हे लक्षात असू द्या.

चिन्हांची नावंही बदलता येतात. एनव्हीडीएच्या प्रेफरन्सेस मेनूत चिन्हांच्या उच्चाराची संवादचौकट आहे. इंग्रजी आवाजात महिरपी कंसाचं ‘ब्रेस’ आणि चौकटी कंसाचं ‘ब्रॅकेट’ ही नावं वेग वाढवला की एकमेकांत मिसळतात. एकाला ‘कर्ली’, दुसऱ्याला ‘स्क्वेअर’ असं करून टाका. एक-दोन अक्षरी, एकमेकांशी अजिबात न जुळणारी नावं उत्तम.

दुसरं सेटिंग इंडेंटेशनचं, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेचं. एनव्हीडीए+कंट्रोल+डी दाबल्यावर डॉक्युमेंट फॉर्मॅटिंगची पाटी उघडते. त्यात लाइन इंडेंटेशनसाठी चार पर्याय आहेत: बंद, बोलून, सुरांतून, आणि दोन्ही. सुरांच्या पर्यायात दर स्पेसमागे स्वर थोडा चढतो आणि एक टॅब चार स्पेसइतका धरला जातो. सुरुवातीला ‘दोन्ही’ ठेवा. ‘फोर स्पेस’ ऐकताना मागे कोणता सूर वाजला याची कानाला ओळख होते, मग बोलणं बंद करून नुसते सूर ठेवले की काम बरंच वेगानं होतं. इंडेंटेशन आधीच्या ओळीइतकंच असेल तर एनव्हीडीए गप्प राहतो. ही शांतता म्हणजे ‘बदल नाही’ हे माहीत नसलं की माणूस उगाच गोंधळतो.

टाइप केलेलं अक्षर उच्चारणं एनव्हीडीए+२ ने चालू ठेवा, टाइप केलेला शब्द उच्चारणं एनव्हीडीए+३ ने बंद करा. कोडमध्ये ‘शब्द’ कुठे संपतो याचा नेम नसतो.

ही सगळी सेटिंग्ज ईमेल वाचताना जीव नकोसा करतील. त्यासाठी प्रोफाइल आहेत. एडिटर समोर असताना एनव्हीडीए+कंट्रोल+पी दाबा, ‘न्यू’ निवडा आणि प्रोफाइल सध्याच्या अ‍ॅप्लिकेशनला जोडा. त्यानंतर, एडिटरमध्ये परत येऊन, वरचे बदल करा आणि एनव्हीडीए+कंट्रोल+सी ने जतन करा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बदल आणि मग प्रोफाइल, तर बदल सर्वसाधारण सेटिंगमध्ये जाऊन बसतात आणि ब्राउझरही प्रत्येक स्वल्पविराम म्हणू लागतो.

आवाजाबद्दल एवढंच: माणसासारखा गोड आवाज कोडसाठी घेऊ नका. ईस्पीक एनजी कानाला यंत्रासारखा लागतो, पण वेग वाढवला तरी त्याची अक्षरं सुटी ऐकू येतात. कोडसाठी आवाज इंग्रजी हवा. कॉमेंट (कोडमध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा) देवनागरीत लिहिल्या तर भाषा आपोआप बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ती सोय मजकुरावर भाषेची खूण असेल तरच चालते आणि कोडच्या फाइलमध्ये अशी खूण नसते. शिकताना कॉमेंट साध्या इंग्रजीत लिहिणं सोयीचं.

एडिटर

नोटपॅडवर भागेल, पण पहिल्या आठवड्यापुरतंच. तो स्क्रीन रीडरशी नीट बोलतो, कंट्रोल+जी ने ओळीवर जाता येतं. त्यात वर्ड रॅप बंद ठेवा, नाहीतर एक लांब ओळ दोन ओळी म्हणून वाचली जाते. मात्र चूक दाखवणं, एखादं नाव कुठे ठरवलंय तिथे नेणं, फाइलीला योग्य शिस्त लावणं यातलं काहीच त्याला येत नाही.

कायमचा एडिटर म्हणून व्हिज्युअल स्टुडिओ कोड (व्हीएस कोड) घ्या. त्याचं नाव सगळेच घेतात म्हणून हे सुचवत नाही. स्क्रीन रीडरसाठी त्यात वेगळी रीत आहे आणि वर सांगितलेला फेरा कीबोर्डवरून पूर्ण होतो. विंडोज आणि मॅकवर तो स्क्रीन रीडर स्वतः ओळखतो. ओळखला नाही तर शिफ्ट+ऑल्ट+एफ१ दाबा. ऑल्ट+एफ१ ने तुम्ही जिथे आहात तिथली मदत मजकुरात उघडते. ती वाचायची सवय लावली तर निम्म्या शंका तिथेच सुटतात.

रोज लागणाऱ्या कळा फार नाहीत. एफ८ पुढच्या चुकीवर नेतो आणि तिचा संदेश वाचतो, शिफ्ट+एफ८ मागच्या. कंट्रोल+जी ने ओळीचा क्रमांक देऊन तिथे जायचं. कंट्रोल+शिफ्ट+ओ ने फाइलमधली फंक्शनं आणि क्लास यांची यादी मिळते. डोळस माणूस नजर फिरवून जे करतो त्याची जागा ही यादी घेते, म्हणून ती लवकर अंगवळणी पाडा. कंट्रोल+शिफ्ट+बॅकस्लॅश जोडीच्या कंसावर नेतो. एफ६ खिडकीच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेतो, आणि कुठे हरवलात तर कंट्रोल+१ परत पहिल्या एडिटरमध्ये आणतो. एडिटरमधून टॅब कळ बाहेर पडत नसेल तर कंट्रोल+एम दाबा. त्यानं टॅबचं काम जागा सोडण्याऐवजी पुढच्या घटकावर जाणं असं होतं. चुकून दाबलं गेलं असेल तर उलटंही घडतं: टॅब दाबला की फोकस भलतीकडेच जातो.

बसवल्याबरोबर काही गोष्टी बंद करा. कंट्रोल+स्वल्पविराम ने सेटिंग्ज उघडून ‘अ‍ॅक्सेप्ट सजेशन ऑन एंटर’ शोधा आणि ‘ऑफ’ करा. नाहीतर पुढच्या ओळीवर जायला एंटर दाबता आणि न मागितलेला एखादा शब्द गुपचूप घुसतो. दिसत नसताना ही चूक शोधणं फार चिकट काम आहे. ‘ऑटो क्लोजिंग ब्रॅकेट्स’ आणि ‘ऑटो क्लोजिंग कोट्स’ ‘नेव्हर’ करा. एडिटर स्वतःहून बंद कंस घालतो, तुम्हीही घालता, आणि किती झाले याचा हिशेब राहत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून येणाऱ्या, आपल्या ओळींत मिसळणाऱ्या सूचना, म्हणजे ‘इनलाइन सजेस्ट’, शिकेपर्यंत बंदच बऱ्या. आपण काय लिहिलं आणि यंत्रानं काय सुचवलं यातला फरक डोळसाला फिकट रंगावरून कळतो, कानाला तो तितका चटकन कळत नाही.

ध्वनिखुणा मात्र चालू ठेवा. कमांड पॅलेट कंट्रोल+शिफ्ट+पी ने उघडा, त्यात ‘लिस्ट सिग्नल साउंड्स’ शोधा. यादीत बाणाने फिरलं की प्रत्येक आवाज ऐकता येतो. चूक असलेली ओळ, इशारा असलेली ओळ, ब्रेकपॉइंट (चूक शोधताना प्रोग्राम मध्येच थांबवायची खूण) असलेली ओळ यांना वेगवेगळे आवाज आहेत.

बाकीच्यांबद्दल पटकन. सी शार्पचं मोठं काम करायचं असेल तेव्हा पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ चांगला, पण नवशिक्याला त्याचा पसारा जड जातो. एक्लिप्स विंडोजचेच घटक वापरतो, म्हणून वाचता येतो. पायचार्म आणि इंटेलिजे जावाच्या स्वतःच्या घटकांवर उभे आहेत. त्यांना जावा अ‍ॅक्सेस ब्रिज चालू असावा लागतो आणि तरीही काही कोपरे मुके राहतात. सबलाइम टेक्स्ट आपला मजकूर स्वतः रंगवतो, स्क्रीन रीडरच्या हाती काही लागत नाही. पायथनबरोबर येणारा आयडल टीके या घटकसंचावर बांधला आहे, त्याची गत तीच. अनेक पुस्तकं ‘आयडल उघडा’ म्हणून सुरू होतात. तिथे व्हीएस कोड उघडायचा आणि पुढे वाचायचं.

एडिटरची परीक्षा

कुणाच्याही शिफारशीवर, या उत्तरातल्या शिफारशीवरसुद्धा, न थांबता एक लहान परीक्षा घ्या. पंधरा-वीस ओळींचा चालणारा प्रोग्राम घ्या आणि त्यात मुद्दाम चार चुका करा, एका वेळी एकच. पहिली: ‘इफ’च्या शेवटचा कोलन काढा. दुसरी: एका ओळीपुढे चार स्पेसऐवजी तीन ठेवा. तिसरी: एका नावात एल या अक्षराच्या जागी एकचा अंक घाला. चौथी: एखादा बंद कंस काढा.

दर वेळी प्रोग्राम चालवा आणि चूक स्वतः शोधा. कोलन ऐकू आला नाही तर दोष चिन्हांच्या पातळीत आहे. तीन स्पेस कळले नाहीत तर इंडेंटेशनच्या सेटिंगमध्ये. एल आणि एक यांत फरक पडला नाही तर अक्षर-अक्षर वाचायची सवय कमी आहे: नमपॅडवरच्या २ ने रिव्ह्यू कर्सरखालचं (एनव्हीडीए जिथे वाचतोय तिथलं) अक्षर ऐका. दोनदा दाबलं तर ते उदाहरणाच्या शब्दानं सांगितलं जातं, तीनदा दाबलं तर त्याचा अंकी संकेत. लॅपटॉप मांडणीत हेच काम एनव्हीडीए+पूर्णविराम करतो. बंद कंसाची चूक सगळ्यांत शिकवणारी. जुन्या पायथनमध्ये संदेश पुढच्याच ओळीवर बोट ठेवायचा, नवे पायथन बहुधा कंस कुठे उघडला ते सांगतात. म्हणून संदेशातली ओळ निर्दोष वाटली तर तिच्या वरची ओळ तपासा.

चारही चुका सापडल्या तर एडिटर आणि सेटिंग्ज दोन्ही पास.

टर्मिनल

प्रोग्राम चालतो टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आणि तिथे गडबड असते ती भराभर बोलून निघून जाणाऱ्या मजकुराची. व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये ऑल्ट+एफ२ दाबलं की आतापर्यंतचा सगळा मजकूर बाणांनी ओळ-ओळ वाचता येईल असा उघडतो. एस्केपनं परत. बाहेरच्या टर्मिनलमध्ये उत्तर फाइलमध्ये वळवा: ‘पायथन, फाइलचं नाव, ग्रेटर दॅन, आउट डॉट टीएक्सटी, स्पेस, टू ग्रेटर दॅन अँपरसँड वन’. शेवटचा भाग गाळला तर चुकांचे संदेश फाइलमध्ये जात नाहीत, आणि नेमके तेच हवे असतात. थोडकंच असेल तर ‘व्हर्टिकल बार, क्लिप’ जोडून क्लिपबोर्डवर घ्या.

पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे चुकीचा अहवाल, शेवटून वाचा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि कारण, तिच्या वर फाइल आणि ओळ क्रमांक. ३.११ पासून मध्ये कॅरेट चिन्हांच्या ओळी येतात. त्या डोळ्यांना जागा दाखवतात आणि कानांना नुसता अडथळा होतात. ‘सेटएक्स पायथननोडीबगरेंजेस १’ ही आज्ञा (ती विंडोजमधलं त्या नावाचं चल, म्हणजे सेटिंग, १ करते) दिली की चालताना येणाऱ्या चुकांतून त्या जातात, व्याकरणाच्या चुकांत मात्र राहतात. ३.१३ पासून पायथनचा संवादी शेलही बदलला आहे. तो नीट वाचला जात नसेल तर ‘पायथन अंडरस्कोर बेसिक अंडरस्कोर आरईपीएल’ हे चल तसंच १ करा, जुना साधा शेल परत येतो. देवनागरी मजकूर फाइलमध्ये वळवताना ‘युनिकोड एन्कोड एरर’ आली तर ‘पायथनयूटीएफ८’ १ करा. ‘सेटएक्स’चा परिणाम नव्या खिडकीतच होतो. त्याच टर्मिनलमध्ये तपासून ‘काही झालं नाही’ म्हणू नका.

पिप (पायथनसाठी इतरांचा तयार कोड बसवणारी आज्ञा) काही बसवताना प्रगतीपट्टी दाखवतो आणि स्क्रीन रीडर टक्के म्हणत बसतो. ‘डॅश डॅश प्रोग्रेस-बार ऑफ’ जोडा. गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची) दोन सेटिंग्ज पहिल्याच दिवशी करा. ‘कोअर डॉट पेजर’ला ‘कॅट’ द्या, नाहीतर ‘गिट लॉग’ दिल्यावर तो कोलन दाखवून थांबतो आणि यंत्र अडकलं असं वाटतं (अशा वेळी क्यू दाबायचा). ‘कोअर डॉट एडिटर’ला ‘कोड डॅश डॅश वेट’ द्या, नाहीतर कमिटचा, म्हणजे बदल नोंदवतानाचा, संदेश लिहायला व्हिम हा एडिटर उघडतो. त्यात अडकलात तर एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.

भाषा

पायथन घ्या. ‘इंडेंटेशनवर चालणारी भाषा अंधांना जड’ हे मत अजून ऐकू येतं. सूर लावलेले असतील तर ते खरं नाही. उलट महिरपी कंसांच्या भाषेत सहा ओळींनंतर आलेला बंद कंस कोणत्या उघड्या कंसाचा हे कान सांगत नाही, इंडेंटेशनचा सूर सांगतो. खरी भानगड टॅब आणि स्पेस मिसळण्याची असते. पायथन ‘टॅब एरर’ देतो आणि ऐकताना दोन्ही ओळी सारख्या वाटू शकतात. सगळीकडे चार स्पेस ठेवा आणि ऑल्ट+शिफ्ट+एफ ने फाइल आवरून घेण्यासाठी ब्लॅक हा फॉर्मॅटर बसवा. फाइलमध्ये व्याकरणाची चूक असेल तर ब्लॅक काहीच बदलत नाही. तीही एक तपासणीच झाली.

इंडेंटेशन खरोखरच नको असेल तर क्वोरम ही भाषा आहे. आंद्रेआस स्टेफिक यांनी ती अंध विद्यार्थ्यांना समोर ठेवून घडवली, तीत भाग ‘एंड’ या शब्दानं संपतात आणि एडिटरही स्क्रीन रीडरसाठी बांधलेला आहे. शिकायला छान, पण पुढे लायब्ररी (इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच) आणि उदाहरणं पायथनइतकी मिळत नाहीत. वेबची ओढ असेल तर जावास्क्रिप्ट आणि एचटीएमएल घ्या. नीट लिहिलेलं एचटीएमएल आपोआप वाचता येतं, म्हणजे आपण बनवलेलं आपल्याला वापरता येतं.

हेच कारण पायथनच्या टीकिंटर (टीके वापरून खिडक्या बनवायचं साधन) धड्यांना टाळायचं. त्यात बनवलेली खिडकी बनवणाऱ्यालाच वाचता येत नाही. खिडक्या करायच्या तर डब्ल्यूएक्सपायथन वापरा, एनव्हीडीएचा स्वतःचा इंटरफेसही त्यातच आहे. स्क्रॅचमधले ठोकळे ओढण्याचे धडे स्क्रीन रीडरनं होत नाहीत. ज्युपिटर नोटबुक नंतर बघा. साधी फाइल चालवणं आधी जमू द्या.

अभ्यासाचं साहित्य मजकुरात, शीर्षकं असलेल्या पानांवर हवं. ‘हे बघा, इथे असं लिहिलं’ म्हणणाऱ्या व्हिडिओंतून कोड मिळत नाही. पीडीएफमधून कोड उचलला तर इंडेंटेशन जातं आणि साध्या अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं येतात; पायथन ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणतो. कधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते, ती ऐकू येतच नाही. अक्षराचा अंकी संकेत ऐका: साध्या स्पेसचा ३२, या स्पेसचा १६०.

ब्रेल डिस्प्ले

सुरुवातीला लागत नाही, आणि त्यासाठी शिकणं लांबवू नका. हाताशी असेल तर मात्र रोज वापरा. चिन्हं आणि मोकळ्या जागा बोटाखाली जशा कळतात तशा आवाजातून कळत नाहीत. संक्षिप्त ब्रेल बंद करून आठ टिंबांचं कॉम्प्युटर ब्रेल लावा. त्यात एका अक्षराला एकच घर (डिस्प्लेवरची एका ब्रेल अक्षराची जागा) लागतं, सहा टिंबांच्या इंग्रजी ब्रेलमध्ये एका कंसालाच दोन घरं जातात. घरांची संख्या निवडताना हिशेब असा: इंडेंटेशनच्या चौथ्या पातळीवर ओळीआधी १६ स्पेस येतात, म्हणजे २० घरांच्या डिस्प्लेवर कोडला ४ घरं उरतात. पायथनच्या शैलीनियमांत ओळीची मर्यादा ७९ अक्षरांची आहे, ती ४० घरांवर दोन सरकवण्यांत मावते. लहान डिस्प्लेच असेल तर फॉर्मॅटरला दोन स्पेसचं इंडेंटेशन सांगता येतं का ते बघा. ब्लॅक ते करत नाही, त्याला चारच मान्य आहेत; तेवढ्यासाठी यॅप्फ हा दुसरा फॉर्मॅटर वापरावा लागतो.